बोक्याची साखर: मांजराचा मधुमेह कोकणातल्या घरात कसा सांभाळावा

आमच्याकडची मांजरे घरात जेवतात, पडवीत झोपतात आणि उरलेला दिवस वाडीत काढतात. पाणी ती अंगणातल्या डोणीत पितात, लघवी माडाच्या आळ्यात करतात, आणि दारावर मासळी आली की शेजारच्या दोन-तीन घरांतूनही त्यांना वाटा मिळतो. त्यामुळे शहरातल्या बंद घरात मधुमेहाची जी लक्षणे आठवड्याभरात डोळ्यांत भरतात, ती गुहागर-दापोलीकडच्या घरात महिनोन्‌महिने लक्षात येत नाहीत. आमचा बोका भरपूर खात होता आणि तरीही त्याच्या पाठीचा कणा हाताला लागू लागला होता. आम्ही त्याला जंत झाले असे समजून जंताचे औषध दिले. पुढे तो पडवीच्या कठड्यावर उडी मारेनासा झाला आणि मागचे पाय थेट टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागला, तेव्हा आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेले. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे पायांच्या नसांना इजा झाली की मांजर असे चालते. साखर ताब्यात आल्यावर ही चाल बहुतेकदा हळूहळू सुधारते, पण त्याला काही महिने लागतात.

सतत तहान, वारंवार आणि भरपूर लघवी, वाढलेली भूक आणि तरीही घटणारे वजन ही चार लक्षणे एकत्र दिसली तर वाट पाहू नये. लघवी केलेल्या जागी मुंग्यांची रांग दिसली तर तेही लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावे. वय सातच्या पुढे, नसबंदी केलेला, वजनदार बोका असेल तर शक्यता अधिक असते. खाजेसाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइडची इंजेक्शने पूर्वी दिली गेली असतील, तर ती गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगावी, कारण स्टेरॉइडमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो आणि काठावर असलेले मांजर मधुमेहात ढकलले जाऊ शकते.

निदान पक्के करून घेणे

मांजराच्या बाबतीत एकदाच काढलेल्या रक्तातील साखरेवर विसंबून निदान करता येत नाही. घाबरलेल्या मांजराची साखर मधुमेह नसतानाही ३०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे जाऊ शकते. आमच्यासारख्या गावातून टोपलीत घालून, दाभोळची फेरीबोट ओलांडून, मग वळणावळणाच्या रस्त्याने दवाखान्यात पोहोचलेल्या आणि तिथे कुत्र्यांचे भुंकणे ऐकत बसलेल्या मांजराचा आकडा काय येणार, हे वेगळे सांगायला नको. म्हणून डॉक्टर लघवीतली साखर पाहतात आणि फ्रुक्टोसामिन ही रक्ततपासणी करतात. मागच्या एक-दोन आठवड्यांत साखर सरासरी किती होती याचा अंदाज तिच्यावरून येतो आणि त्या एका दिवसाच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही. तालुक्याच्या ठिकाणी ही तपासणी होत नसेल तर रक्ताचा नमुना बाहेर पाठवता येतो. त्याच वेळी मूत्रपिंड, थायरॉइड, दात आणि लघवीतला संसर्ग हेही तपासून घ्यावे. किडलेला दात किंवा मूत्राशयातला संसर्ग तसाच राहिला तर इन्सुलिन कितीही दिले तरी साखर हटत नाही.

आमच्या भागातले अनेक सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशींसाठी चालतात आणि मांजराचा मधुमेह तिथे रोज पाहिला जात नाही. त्यात त्या डॉक्टरांचा काही दोष नाही. लहान प्राण्यांवर उपचार करणारा एक पशुवैद्य शोधावा, त्याच्याशी फोनवर बोलण्याची पद्धत ठरवून घ्यावी, आणि गावातल्या डॉक्टरांनाही त्याची कल्पना द्यावी, म्हणजे अडीअडचणीला ते हाताशी राहतील. गुंतागुंतीच्या वेळी मुंबईत परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयापर्यंत जाता येते. पण रोजचा सांभाळ शेवटी आपल्याच माजघरात होणार असतो, म्हणून पुढची माहिती मी थोडी विस्ताराने देत आहे.

इन्सुलिन आणि सिरिंज

मांजराचा मधुमेह माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी मिळताजुळता असतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि स्वादुपिंड थकत जाते. तरीही उपचाराची सुरुवात बहुधा इन्सुलिननेच करतात. घरातल्या आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या मांजराला देऊ नयेत. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये मांजरांसाठी दोन तोंडावाटे घेण्याच्या औषधांना मान्यता मिळाली, परंतु ती निवडक मांजरांनाच चालतात आणि त्यांच्यामुळे रक्तात घातक आम्ले साठण्याचा धोका असतो. त्यांचा विचार डॉक्टरांनीच करावा. कारल्याचा रस, मेथीचे पाणी आणि जांभळाच्या बियांची पूड यांचे सल्ले मला जवळजवळ प्रत्येक पाहुण्याने दिले. ते प्रेमापोटीच होते, पण यांपैकी काहीही इन्सुलिनची जागा घेत नाही, आणि जबरदस्तीने कडू रस पाजलेले मांजर जेवण टाकते, जे मधुमेही मांजराच्या बाबतीत खरोखर धोक्याचे असते.

मांजरांसाठी ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन पुष्कळदा निवडले जाते, आणि माणसांसाठी ते आपल्याकडे औषधदुकानांत सहज मिळते. साधारणपणे दर १२ तासांनी एक युनिट अशी सुरुवात होते. नेमका डोस डॉक्टर मांजराचे वजन आणि तपासण्या पाहून ठरवतात. एवढासा डोस मोजायचा असल्यामुळे अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली, बारीक आणि आखूड सुईची सिरिंज शोधावी लागते. ती गावात मिळत नसेल तर आधीच मागवून ठेवावी.

आता ज्या चुकीमुळे मांजर एका डोसात मरू शकते, ती सांगतो. आपल्या देशात इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांचे मिळते. एकात प्रत्येक मिलिलिटरला ४० युनिटे असतात, दुसऱ्यात १००. सिरिंजही त्यानुसार दोन असतात: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. ग्लार्जिन १०० चे असते. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एक युनिटाच्या खुणेपर्यंत भरले तर प्रत्यक्षात अडीच युनिटे जातात. उलट, ४० चे इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये भरले तर एकाच्या खुणेला ०.४ युनिटच जाते आणि साखर का उतरत नाही हे कोणालाच कळत नाही. मला पहिल्याच महिन्यात एका दुकानातून केशरीऐवजी लालची पाकिटे मिळाली होती. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचायची सवय पत्नीने लावली होती म्हणूनच ती चूक पकडली गेली. प्रत्येक नवे पाकीट घरी आल्यावर हे दोन आकडे जुळवून पाहावेत आणि मगच ते कपाटात ठेवावे. ग्लार्जिनचाच, मिलिलिटरला ३०० युनिटे असलेला, अधिक तीव्र प्रकारही बाजारात आहे. त्याच्या पेनमधून सिरिंजने औषध काढणे तर कधीही करू नये.

ग्लार्जिन पाण्यासारखे नितळ असते. ते ढगाळ दिसले, त्यात कण तरंगताना दिसले, तर टाकून द्यावे. ते हलवू नये, त्यात पाणी मिसळून पातळ करू नये आणि दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एकत्र करू नये. प्राण्यांसाठीची किंवा माणसांसाठीची काही इन्सुलिने मुळातच दुधाळ असतात आणि ती वापरण्यापूर्वी नीट मिसळावी लागतात. ती कशी मिसळायची ते त्या त्या औषधाच्या पत्रकात पाहावे. उघडलेल्या ग्लार्जिनवर २८ दिवसांची मुदत लिहिलेली असते. दिवसाला दोन युनिटे लागणाऱ्या मांजराला महिन्याकाठी साठच युनिटे पुरतात, आणि तीन मिलिलिटरच्या लहान कार्ट्रिजमध्येही ३०० असतात. म्हणजे बरेचसे औषध वाया जाते हे धरूनच चालावे आणि मोठी बाटली घेऊ नये. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी.

वीज, पाऊस आणि बर्फ

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायचे असते. शीतकपाटाच्या दारात तापमान सारखे बदलते आणि बर्फकप्प्याजवळ ते गोठू शकते, म्हणून मधल्या फळीवर, एका डबीत ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर जसेच्या तसे दिसते, पण भरवशाचे राहत नाही; ते टाकावेच लागते.

वाऱ्यापावसात आमच्याकडे वीज जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतची अनेक गावे पुढे कितीतरी दिवस अंधारात होती. काही तासांसाठी वीज गेली तर घाबरण्याचे कारण नाही. शीतकपाटाचे दार उघडू नये, एवढे पुरे. वापरात असलेले इन्सुलिन ३० अंशांच्या आत घरातल्या सावलीतही टिकते. वीज दिवसभर आली नाही तर थर्मास काढावा. बंदरावर मासळीसाठी बर्फ मिळतो, आणि कोकणातली ही सोय अशा वेळी फार उपयोगी पडते. मात्र बर्फ औषधाला थेट लागता कामा नये. बाटली आधी कापडात, मग कोरड्या डबीत ठेवावी, आणि डबी व बर्फ यांच्यामध्ये वर्तमानपत्राची जाड घडी असावी. ओल्या मडक्यात औषध ठेवण्याचा देशावरचा उपाय आपल्याकडे तेवढा चालत नाही, कारण पाणी उडून गेले तरच मडके गार होते आणि समुद्रकाठच्या दमट हवेत, विशेषतः जुलैत, पाणी उडतच नाही.

हीच दमट हवा साखर तपासण्याच्या पट्ट्याही खराब करते. पट्टी काढली की डबीचे झाकण त्याच क्षणी लावावे, पट्ट्या दुसऱ्या डबीत काढून ठेवू नयेत आणि ओल्या हाताने डबीत बोट घालू नये. पावसाळ्यात अचानक विचित्र आकडे येऊ लागले तर इन्सुलिनवर संशय घेण्याआधी नवी डबी उघडून पुन्हा मोजावे.

इंजेक्शन देण्याची रीत

वेळ आधी ठरवावी. सकाळी सात आणि संध्याकाळी सात ही वेळ आमच्याकडे जमली, कारण दोन्ही वेळा घरात कोणीतरी असते आणि भुकेमुळे बोकाही घरी परततो. बाहेर हिंडणाऱ्या मांजराला इन्सुलिन देण्यातली खरी अडचण सुई ही नसून ते वेळेवर घरी असणे ही आहे. म्हणून आम्ही मधल्या वेळचे खाणे बंद करून त्याचे जेवण याच दोन वेळांना बांधले, आणि इंजेक्शननंतरचे पहिले सहा तास, ज्यांत साखर खाली येत जाते, त्याला पडवीच्या जाळीआड ठेवले. सुरुवातीला त्याने आकांत केला; तीन आठवड्यांत सवय झाली.

क्रम असा ठेवावा: आधी साखर मोजावी, मग जेवण पुढे ठेवावे, आणि ते नीट जेवत आहे असे दिसल्यावर इंजेक्शन द्यावे. मानेवरची जाड कातडी सोपी वाटते, पण तिथे औषध सावकाश आणि असमान शोषले जाते, त्यामुळे छातीच्या किंवा पोटाच्या बाजूची सैल कातडी बरी. दोन बोटांनी कातडीचा छोटा तंबू उचलावा, त्याच्या पायथ्याशी सुई अंगाशी जवळजवळ समांतर घालावी आणि दट्ट्या एकसारखा दाबावा. रोज जागा थोडी बदलावी. सुई कातडीतून पलीकडे निघाली तर औषध केसांत सांडते. इंजेक्शननंतर त्या जागेवर बोट फिरवून ओल लागते का ते पाहावे. इन्सुलिनला औषधाचा एक विशिष्ट वासही असतो. किती आत गेले आणि किती सांडले याबद्दल शंका असेल तर दुसऱ्यांदा टोचू नये. या उपचारात एक डोस कमी पडल्याने सहसा काही बिघडत नाही, आणि एक डोस जास्त झाला तर जीव जाऊ शकतो. विसरलेल्या डोसाचेही तेच: पुढचा डोस नेहमीच्या वेळी, नेहमीएवढाच द्यावा, दुप्पट देऊ नये. घरात दोन माणसे इंजेक्शन देत असतील तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लगेच खूण करावी, कारण दुहेरी डोसाचे सर्वांत सामान्य कारण ‘मला वाटले तू दिले नाहीस’ हे असते.

मांजर जेवले नाही, उलटी झाली, किंवा निम्मेच खाऊन उठले, तर नेहमीचा डोस न देता डॉक्टरांना विचारावे.

वापरलेल्या सुया केरात, शेणखताच्या खड्ड्यात किंवा खाडीत टाकू नयेत. जाड प्लास्टिकच्या बाटलीत त्या साठवाव्यात, भरल्यावर टोपण चिकटपट्टीने बंद करावे आणि दवाखान्यात नेऊन द्यावी.

कानाच्या कडेचा एक थेंब

घरी साखर मोजण्याची कल्पना ऐकून बहुतेक लोक मागे सरतात. प्रत्यक्षात मांजराला कानाची ही टोच इंजेक्शनपेक्षाही कमी जाणवते. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. शिरेत टोचायचे नसते; शीर आणि कड यांच्यामधल्या अरुंद पट्टीत टोचायचे असते. थंड कानातून रक्त येत नाही, म्हणून आधी कान गरम करावा. आम्ही मोज्यात मूठभर तांदूळ भरून गाठ मारली आहे; तो मोजा तव्यावर किंचित शेकून, आपल्या मनगटाला लावून पाहून, मग मिनिटभर कानाला धरतो. कडेवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवला की थेंब केसांत पसरत नाही, गोल राहतो. कानामागे घडी केलेला कापूस धरावा, म्हणजे आपले बोट टोचले जात नाही. थेंब आला की ग्लुकोमीटरची पट्टी त्याला नुसती टेकवावी, ती स्वतःच रक्त ओढून घेते. मग कापूस अर्धा मिनिट दाबून धरावा, नाहीतर कानावर निळा डाग पडतो. पहिले आठ-दहा दिवस थेंब येणार नाही, पट्ट्या वाया जातील, हात थरथरतील. दर वेळी, आकडा मिळो वा न मिळो, उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यावा. काही दिवसांनी मांजर डबीचा आवाज ऐकून स्वतःहून येऊन बसते.

माणसांचा ग्लुकोमीटर चालतो, पण त्याचा आकडा मांजराच्या बाबतीत सहसा खऱ्यापेक्षा कमी येतो. माणसाच्या रक्तातल्या साखरेचा बराच मोठा हिस्सा तांबड्या पेशींत असतो; मांजराची जवळजवळ सगळी साखर रक्ताच्या द्रवात असते, आणि यंत्राचे गणित माणसाचे असते. प्राण्यांसाठीचे वेगळे यंत्र मिळाले तर उत्तम. ते नसेल तर एकच यंत्र कायम वापरावे आणि ते कोणते आहे हे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ते आकड्यांचा अर्थ त्या हिशेबाने लावतील. दंडावर चिकटवायचे, चौदा दिवस चालणारे सेन्सरही आता मिळतात. मांजराच्या मानेच्या बाजूचे केस काढून ते लावता येतात, मात्र हिंडणाऱ्या मांजराच्या अंगावर ते पूर्ण मुदत क्वचितच टिकतात.

आलेख, आणि एका आकड्याचा मोह

नवा डोस सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी एक पूर्ण दिवस काढून साखरेचा आलेख करावा. सकाळच्या इंजेक्शनच्या आधी एक मोजणी, आणि पुढे बारा तास दर दोन तासांनी एक. मला या सगळ्या उपचारात सर्वांत महत्त्वाचे काय वाटते, असे कोणी विचारले तर मी हा आलेख दाखवीन. समजा, सकाळी सातला साखर ३२० आहे. ती अकराला १९०, एकला १२५ आणि संध्याकाळी सातला पुन्हा २९० झाली. आता दुसरा दिवस घ्या: सकाळी सातला तीच ३२०, पण अकराला ११०, एकला ५८ आणि संध्याकाळी ३८०. दोन्ही दिवशी सकाळचा आकडा सारखा आहे. पहिल्या मांजराचा डोस ठीक चालला आहे. दुसऱ्याचा डोस जास्त होतो आहे आणि तो लगेच कमी करायला हवा. ज्याने फक्त सकाळची आणि संध्याकाळची साखर पाहिली तो दुसऱ्या मांजराचा डोस वाढवील, आणि पुढच्या दुपारी ते मांजर वाडीत कुठेतरी झटके येऊन पडेल.

म्हणून दिवसातला सर्वांत खालचा आकडा शोधायचा. तो साधारण ८० ते १५० च्या दरम्यान असावा आणि बाकीचा बराचसा दिवस साखर ३०० च्या खाली राहावी, असे ध्येय धरतात. मांजराच्या लघवीत साखर उतरते ती रक्तातली साखर साधारण अडीचशेच्या पुढे गेल्यावर, त्यामुळे आकडे माणसासारखे शंभराच्या आसपास आणण्याचा अट्टहास करू नये. डोस बदलला तर तो अर्ध्या युनिटाने आणि आठवड्यातून एकदाच बदलावा, तोही डॉक्टरांशी बोलून. ग्लार्जिनचा परिणाम स्थिर व्हायला काही दिवस लागतात. रोजच्या आकड्यामागे धावणारा माणूस मांजराला कधीच स्थिर होऊ देत नाही. इंजेक्शनच्या आधीची साखर २०० च्या खाली असेल, तर नवख्या माणसाने डोस थांबवून आधी फोन करावा. आणि डोस पाच युनिटांच्या पुढे जाऊनही साखर हटत नसेल तर संसर्ग, स्वादुपिंडाचा दाह किंवा वाढीच्या संप्रेरकाचा आजार शोधण्याची वेळ आली असे समजावे.

वहीत तारीख, वेळ, साखर, डोस, काय आणि किती खाल्ले, पाण्याचा अंदाज आणि दर आठवड्याचे वजन लिहावे. मांजराला घेऊन आपण वजनकाट्यावर उभे राहावे आणि मग आपले वजन वजा करावे. घरातला धान्याचा काटा असेल तर आणखी चांगले. वहीच्या पानाचे छायाचित्र डॉक्टरांना पाठवले की फेरीबोटीचा प्रवास पुष्कळदा वाचतो.

साखर एकदम उतरली तर

आकडा ६० च्या खाली गेला, किंवा आकडा न पाहताही मांजर झोकांड्या खाऊ लागले, शून्यात बघू लागले, थरथरू लागले, अचानक हावरटासारखे खाणे मागू लागले, तर हा प्रसंग साखर उतरल्याचा आहे असे धरून चालावे. शुद्धीवर असेल आणि खात असेल तर लगेच खाऊ घालावे, या वेळी त्याला आवडते ते काहीही चालेल. खात नसेल तर ग्लुकोजची पूड थोड्या पाण्यात दाट कालवून किंवा मध घेऊन बोटाने हिरड्यांवर चोळावा. बेशुद्ध किंवा झटके येत असलेल्या मांजराच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. हिरडीवर थोडेसे चोळत दवाखान्याकडे निघावे. सावरल्यासारखे दिसले तरी इन्सुलिन अंगात काम करतच असते, म्हणून पुढचे काही तास दर अर्ध्या तासाने मोजत राहावे आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पुढचा डोस देऊ नये. ग्लुकोजचे पाकीट, मध आणि डॉक्टरांचा क्रमांक इन्सुलिनच्या डबीजवळच ठेवावेत.

याच्या उलट, मांजराने खाणे टाकले, उलट्या होत आहेत, ते मरगळले आहे आणि श्वासाला नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा उग्र गोडसर वास आहे, तर शरीरात किटोन ही घातक आम्ले साठत आहेत. लघवीच्या पट्टीने ते तपासता येतात. हा आजार घरी बरा होत नाही. त्याला सलाइनसह दवाखान्यातलेच उपचार लागतात आणि तेही त्याच दिवशी.

भात, मासे आणि श्रावण

मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारे विकर नसते आणि यकृतही मोठ्या प्रमाणात आलेली साखर झटपट हाताळू शकत नाही. आमच्याकडे मात्र पिढ्यान्‌पिढ्या मांजराला आमटीभात, दूधभात आणि मासळीच्या कालवणात कालवलेला भात दिला जातो. मधुमेही मांजराचा भात बंद करणे हा इन्सुलिनखालोखाल मोठा उपचार आहे. कोरड्या दाण्यांच्या खाद्यातही पिष्ट बरेच असते. पाकिटातले ओले खाद्य बहुधा चांगले. पाकिटावरची प्रथिने, चरबी, तंतू, राख आणि ओलावा यांची टक्केवारी शंभरातून वजा केली की राहते ते साधारण पिष्ट.

नुसत्या मासळीवरही मांजर ठेवू नये. तारली-बांगड्यासारखी तेलकट मासळीच दीर्घकाळ दिली तर ‘ई’ जीवनसत्त्व कमी पडून अंगातल्या चरबीचा दाह होऊ शकतो, काही कच्च्या माशांत ‘ब१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते, आणि उकळलेल्या पाण्याबरोबर टॉरिन हे मांजराला आवश्यक असलेले पोषकद्रव्य निघून जाते. म्हणून मासा शिजवून, काटे काढून, त्याच्या पाण्यासकट, पूर्ण आहाराच्या जोडीला द्यावा. खारवलेले सुके मासे टाळावेत.

आहारातला बदल डॉक्टरांना सांगूनच आणि हळूहळू करावा. भात बंद केला की साखर काही दिवसांत खाली येते, आणि इन्सुलिन पूर्वीएवढेच राहिले तर ती धोक्याइतकी खाली येते. याचीच दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, पाठोपाठ श्रावण येतो, घरात मासळी शिजत नाही आणि मांजराच्या ताटलीत दूधभात येतो. साखर चढते, आणि इन्सुलिन खराब झाले असे सगळ्यांना वाटते. श्रावण पाळणाऱ्या घराने मेअखेर ओल्या खाद्याची पाकिटे भरून ठेवावीत. गणपतीत चाकरमानी येतात, घर भरते, फटाके वाजतात आणि लाडाने कोणीतरी मोदकाचे सारण पुढे करते. त्या दिवसांत पडवीतल्या खांबावर ‘याला काही देऊ नका’ अशी चिठ्ठी आम्ही लावतो आणि शेजारच्या तिन्ही घरांना आधी जाऊन सांगतो. शेजाऱ्यांना कारण समजावून सांगितले की ते मनापासून साथ देतात, असा माझा अनुभव आहे.

वजनदार मांजराचे वजन उतरवायचे असेल तर आठवड्याला सुमारे एक टक्का एवढेच उतरू द्यावे. उपाशी ठेवल्यास यकृतात चरबी साठून वेगळाच जीवघेणा आजार उद्भवतो.

इन्सुलिन सुटू शकते

लवकर निदान झाले, पिष्ट कमी केले आणि पहिल्या काही महिन्यांत साखर नीट ताब्यात राहिली, तर पुष्कळ मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा काम करू लागते आणि त्यांना इन्सुलिन लागेनासे होते. माणसांना हे खरे वाटत नाही, पण मांजरांत हे घडते. त्याची चाहूल आलेखात लागते: सर्वांत खालचा आकडा दर आठवड्याला थोडा थोडा खाली सरकतो आणि इंजेक्शनआधीची साखरही दोनशेच्या खाली राहू लागते. घरी साखर न मोजणाऱ्या माणसाला ही चाहूल लागत नाही. तो जुनाच डोस देत राहतो, आणि बरे होत आलेले मांजर नेमके याच काळात साखर उतरून दगावते. आमच्या बोक्याचा डोस एकावरून अर्ध्यावर, मग अर्धा एकदाच, असा उतरत पाचव्या महिन्यात बंद झाला. त्यानंतर दोन आठवडे आम्ही रोज मोजले, आणि आता दर रविवारी सकाळी कानाचा एक थेंब घेतो. दूधभात त्याला पुन्हा कधीच दिलेला नाही, आणि कुठल्याही दवाखान्यात इंजेक्शन देण्याआधी ते स्टेरॉइड आहे का हे आम्ही विचारून घेतो.